बंद पडल्यावरही उघडणारं कुलूप

स्मार्ट लॉकच्या दुकानात विक्रेता ते किती तऱ्हांनी उघडतं हे हौसेनं दाखवतो: बोट, आकडे, कार्ड, मोबाइल. मला वाटतं, गिऱ्हाइकानं आधी उलट प्रश्न विचारावा. हे सगळं एकदम बंद पडलं तर घरात शिरायचं कसं? पुढची सगळी निवड या उत्तरावरून करावी, कारण हे कुलूप म्हणजे मुळात बॅटरीवर चालणारं यंत्र आहे आणि काही मॉडेलांचा कारभार कंपनीच्या सर्व्हरच्या हाती असतो. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेतल्या लॉकस्टेट कंपनीनं इंटरनेटवरून पाठवलेलं अपडेट भलत्याच मॉडेलवर गेलं आणि सुमारे ५०० कुलपं निकामी झाली. त्यांतली बरीच एअरबीएनबीवर भाड्यानं दिलेल्या घरांची होती. मालकांनी कशालाही हात लावलेला नव्हता.

म्हणून घराला एकच दार असेल, तर धातूच्या किल्लीची सोय नसलेलं कुलूप त्याला लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. यावर हमखास येणारा आक्षेप असा की किल्लीचं भोक ठेवलं म्हणजे चोराला वाट ठेवली. आक्षेप अगदीच पोकळ नाही, हलक्या सिलिंडरला तो लागू पडतो. पण घरफोडीच्या बातम्या वाचून पाहा. ‘कडीकोयंडा उचकटून’ हे शब्द त्यांत इतक्या वेळा येतात की बातमीदारानं ते छापूनच ठेवले असावेत. कटावणी लागते ती दार आणि चौकटीच्या फटीत. सिलिंडरशी नाजूक खेळ करत बसायला चोराला सवड नसते. शिवाय भोक नसलं म्हणजे कुलूप अभेद्य झालं असंही नाही. २०१६ साली लास व्हेगासच्या डेफ कॉन परिषदेत दोन संशोधकांनी ब्लूटूथवर चालणाऱ्या १६ कुलपांची परीक्षा मांडली. १२ उघडली गेली, आणि त्यांतली ४ तर पासवर्ड जसाच्या तसा हवेत सोडत होती. तेव्हा अॅपमधल्या करामतींसाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा ते चांगल्या सिलिंडरवर, चौकटीत खोल शिरणाऱ्या बोल्टवर आणि लांब स्क्रूंवर खर्चावेत. चौकट वाळवीनं पोखरलेली असेल तर आधी सुतार बोलवावा.

दुसरा आक्षेप बॅटरीचा. संपत आली की कुलूप आधीच सांगतं, मग काळजी कसली? सांगतं खरं, पण घर महिनाभर बंद असेल तर ऐकायला कोणी नसतं. त्यातून काटकसर म्हणून रिचार्जेबल सेल घातले तर सूचनेचाही भरवसा राहत नाही. साधा अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचा असतो आणि हळूहळू उतरतो, रिचार्जेबल १.२ व्होल्टचा, बराच वेळ तसाच टिकतो आणि शेवटी एकाएकी ढासळतो. म्हणून कंपनीनं सांगितलेलेच सेल घालावेत, सगळे एकदम बदलावेत, आणि बाहेरून ९ व्होल्टची बॅटरी किंवा पॉवर बँक लावायची सोय आहे का, हे विकत घेतानाच पाहावं. आपल्याकडे सेल लवकर संपायचं आणखी एक कारण पावसाळा. लाकडी दार फुगतं, बोल्ट चौकटीच्या पट्टीला घासतो, आणि मोटर प्रत्येक वेळी जोर लावत राहते. तिथे दोष कुलपाचा नसतो. पट्टीचं भोक थोडं मोठं करून घेतलं की काम भागतं. मोटरच्या बाजूला तेल मात्र सोडू नये.

एवढा व्याप, तर मग हे घ्यावंच कशाला? मुलं परदेशात आणि आईवडील पुण्यात एकटे, अशा घरात शेजाऱ्याला दुरून दार उघडून देता येणं ही मोठी सोय आहे. अर्थात दाराला आतून कडी घातली असेल तर या सोयीचाही उपयोग नाही. शिवाय वयानं किंवा भांडी-धुण्यानं काहींच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. त्यांचा ठसा नीट उमटत नाही, म्हणून त्यांना कार्ड द्यावं. कामाच्या मावशींना, भाडेकरूला वेगवेगळे आकडे द्यावेत आणि माणूस गेला की त्याच दिवशी ते पुसावेत. धातूची किल्ली बाहेर, विश्वासाच्या नातेवाइकाकडे असावी. कपाटात ठेवली तर ती कुलपाच्या आतच राहते. अपडेट करायचं ते घरात माणूस असताना, दार उघडं ठेवून, आणि बोल्ट दोनदा आतबाहेर करून पाहिल्यावरच दार लोटावं.