पार्किंगमध्ये ठरवायचं नसतं

चि. मेघना,

अकरावी-बारावीच्या मुलांना नशा आणि गाडी यांबद्दल सांगायचं म्हणून तू अपघातांचे फोटो जमवते आहेस. ते राहू देत. १९८३ साली लॉस एंजेलिसला 'डेअर' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. पोलीस वर्गात येऊन अमली पदार्थांना नकार द्यायला शिकवत. तो अमेरिकाभर पसरला, पण पुढे अभ्यासकांनी तपासलं तेव्हा मुलांच्या वागण्यात टिकाऊ फरक फारसा सापडला नाही. धोका मुलांना ठाऊक असतोच. गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी २००५ साली गाडी चालवण्याच्या व्हिडिओ खेळावर प्रयोग केला, त्यात एकटी असताना किशोरवयीन मुलं मोठ्यांइतपतच जपून खेळली. मित्र सोबत आले आणि त्यांचं धाडस जवळजवळ दुप्पट झालं. म्हणजे खोट माहितीत नाही, ठरवण्याच्या वेळेत आहे.

म्हणून त्यांना दुपारीच ठरवायला शिकव. आज गाडी नेणार का, परत कोणाबरोबर येणार, अडलं तर फोन कोणाला. रात्री अकराला पार्किंगमध्ये हे ठरत नाही, कारण 'मला कुठे चढलीये' हे ज्या मेंदूने सांगायचं, त्यालाच ती आधी चढलेली असते. लिंबूपाणी, काळी कॉफी, तोंडावर गार पाणी यांनी रक्तातली दारू उतरत नाही. यकृत आपल्या गतीनेच ती काढतं. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची, पण तुझ्या मुलांचा प्रश्न त्याआधीच सुरू होतो. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा, आणि क्लासबाहेर ओळीने लावलेल्या स्कूटर असतात ११०-१२५ च्या. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाच्या अशा गुन्ह्यात पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजारांचा दंड होऊ शकतो. हे पालकांनाही वाचून दाखव. किल्ली घरातूनच मिळते. मागे बसणाऱ्यालाही विसरू नकोस. प्यायलेल्या मित्राच्या गाडीवर डबलसीट न बसण्यासाठी तोंडात एक तयार वाक्य लागतं: 'बाबा न्यायला येतायत.' ते खोटं असलं तरी माझी हरकत नाही.

'रात्री कधीही फोन कर, न्यायला येतो' असं म्हणणं म्हणजे पिण्याला परवानगीच, असं कोणीतरी म्हणेल. आक्षेप अगदीच पोकळ नाही. म्हणून आधी स्पष्ट सांग: महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१, इतर कडक दारूसाठी २५, तुमच्यापैकी कोणालाच ती मुभा नाही. पण हेल्मेट घाल म्हणणारा 'पड' म्हणत नसतो. जाब सकाळी विचारावा, जरूर विचारावा. रात्री फक्त आणावं. गोळ्या आणि पुड्यांच्या बाबतीत तर हे दुपटीने खरं, कारण हातात पडलेल्या गोळीत काय आहे ते देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. कोणाची शुद्ध हरपली तर कुशीवर वळवायचं, एकटं सोडायचं नाही, १०८ ला फोन करायचा आणि काय घेतलं ते डॉक्टरला खरं सांगायचं. घाबरलेली मुलं नेमकं हेच लपवतात.

पालकसभा मात्र मुलांच्या तासाच्या आधी ठेव. मुलांना फोन करायला शिकवलं आणि पलीकडून शिव्याच आल्या, तर दुसऱ्यांदा कोणी फोन करणार नाही.

तुझे,
सर