प्राणवायू कोठे जातो?

श्वासाबरोबर घेतलेला प्राणवायू रक्तातून सर्व शरीरात पोहोचतो, हे आपण शिकलो आहोत. परंतु पुढे त्याचे काय होते? बहुतेक पेशींत तंतुकणिका नावाचे सूक्ष्म घटक असतात. त्यांच्या आतील पटलात सायटोक्रोम ऑक्सिडेज हे विकर बसलेले असते. बहुतेक सर्व प्राणवायूचा प्रवास तेथेच संपतो.

ह्या विकराच्या कुळाचा शोध बोधप्रद आहे. १९२५ साली केंब्रिज येथे डेव्हिड केलिन ह्यांनी यीस्टमधून आलेला प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला. यीस्टचे पाणी स्थिर असता वर्णपटात चार काळे पट्टे दिसत. हवेत घुसळताच ते नाहीसे होत. पेशी प्राणवायू वापरीत असल्याचीच ती खूण होती! ह्या रंगद्रव्यास केलिननी ‘सायटोक्रोम’, म्हणजे पेशीचा रंग, असे नाव दिले. असे पट्टे सुमारे चाळीस वर्षांपूर्वीच मॅकमन नावाच्या डॉक्टरांनी पाहिले होते. पण हॉप-सायलर ह्या मान्यवर शास्त्रज्ञाने ते अमान्य केल्यामुळे तो शोध विस्मृतीत गेला. केलिननी मात्र त्यांचे श्रेय त्यांना दिले.

१९९६ साली जपानी शास्त्रज्ञांनी गोवंशाच्या हृदयातील ह्या विकराची संपूर्ण रचना क्ष-किरणांनी उलगडली. त्यात तेरा प्रथिनसाखळ्या आढळल्या. खरे कार्य मात्र त्यांतील लोहाचे दोन व तांब्याचे तीन अणू करतात. अन्नापासून निघालेले इलेक्ट्रॉन एकेक करून तांब्याकडून लोहाकडे सरकतात व अखेर एक लोह आणि एक तांबे ह्यांच्यामध्ये धरलेल्या प्राणवायूस मिळतात. चार इलेक्ट्रॉन व चार प्रोटॉन मिळाले की प्राणवायूच्या एका रेणूपासून पाण्याचे दोन रेणू होतात. अर्धवट बदललेला प्राणवायू पेशीस घातक असतो. म्हणून काम पुरे होईपर्यंत विकर त्यास सोडीत नाही.

त्याच वेळी आणखी चार प्रोटॉन पटलापलीकडे ढकलले जातात. धरणातील पाण्याने चक्र फिरावे, तसे परतणाऱ्या प्रोटॉनांच्या बळावर दुसरे विकर एटीपी हे शक्तिदायी द्रव्य तयार करते.

सायनाइड हे विष नेमके ह्याच विकरातील लोहास चिकटते. मग रक्तात प्राणवायू विपुल असूनही पेशी गुदमरतात व थोड्याच वेळात मृत्यू ओढवू शकतो. म्हणजे प्राणवायू शरीरात येणे पुरेसे नाही. त्याचा स्वीकार करणारे हे विकर अखंड कार्यरत असेल, तरच जीवन टिकते.