नर्सबाईंची निळी पेटी

मुलांनो, उपकेंद्रातल्या नर्सबाई लसीकरणाला येतात, तेव्हा खांद्याला पेटी असते. आत बर्फाच्या पट्ट्या अन् लस. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच ठेवावी लागते. कुपीवरच्या गोलात फिकट चौकोन असतो. उष्णता लागून तो गोलाइतका गडद झाला, की ती कुपी बाद! म्हणून तर उन्हात बाई कुठे टेकत नाहीत.

पुढे बाळाला ताप आला, की बोलणी बाईंनाच. असा ताप बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. पण आजीला हे पटवणं सुई टोचण्याहून अवघड.

याच पायपिटीतून घरोघर पोलिओचे थेंब पोचले आणि २०१४ साली भारत पोलिओमुक्त ठरला. बारावीनंतर दोन वर्षं शिकून हे काम करता येतं. ज्यांना करावंसं वाटतं, त्यांनी पुढच्या लसीकरणाला तो चौकोन बाईंकडून बघून घ्यावा.