वाळूचा पोशाख

(पाण्यात, मातीत आणि शेवाळात राहणारे काही एकपेशीय सजीव आपल्या अंगावर सिलिकाचे खवले तयार करतात. या खवल्यांवरून शास्त्रज्ञांनी त्यांचे नाते कसे ठरवले आणि पुढे ते का बदलावे लागले, याची माहिती या पाठात दिली आहे.)

माशाच्या अंगावर खवले असतात. खवल्या मांजराच्या अंगावरही खवले असतात. पण म्हणून खवल्या मांजराला कोणी मासा म्हणत नाही. ते पिल्लांना दूध पाजते. ते सस्तन प्राणी आहे. वरून सारखे दिसणारे दोन जीव एकाच घराण्यातले असतीलच असे नाही. ही गोष्ट मोठ्या प्राण्यांच्या बाबतीत चटकन समजते. पण जो जीव डोळ्यांना दिसतच नाही, त्याचे घराणे कसे ओळखावे?

तळ्याच्या पाण्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर त्यात कितीतरी एकपेशीय सजीव दिसतात. त्यांचे सारे शरीर म्हणजे एकच पेशी. त्यांपैकी काहींच्या अंगावर बारीक खवले असतात. घराच्या छपरावर कौले जशी एकावर एक रचलेली असतात, तसे हे खवले रचलेले असतात. एक खवला साधारणपणे एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या काही पट एवढाच असतो. हे खवले सिलिकाचे असतात. वाळूत आणि काचेत असतो तोच हा पदार्थ.

काचेच्या कारखान्यात वाळू वितळवण्यासाठी हजार अंश सेल्सिअसहून अधिक उष्णता लागते. हा इवलासा जीव मात्र थंड पाण्यात राहून तेच काम करतो. खडकांतील सिलिका पाण्यात अगदी थोड्या प्रमाणात विरघळते. पेशी ती शोषून घेते. पेशीच्या आत एक लहानशी पिशवी असते. या पिशवीत सिलिका साठते आणि पिशवीच्या आकाराचा खवला तयार होतो. साच्यात विटा पाडाव्यात तसे हे काम चालते. मग तो खवला पेशीच्या पृष्ठभागावर येऊन आपल्या जागी बसतो.

आता अशा चार जीवांची ओळख करून घेऊ.

पहिला जीव सिन्युरा. हे गोड्या पाण्यातील सोनेरी शैवाल आहे. त्याच्या अनेक पेशी एकत्र येऊन लहान गोल वसाहत बनवतात आणि कशाभिकांच्या साहाय्याने पाण्यात फिरतात. पिण्याच्या पाण्याच्या तलावात सिन्युराची फार वाढ झाली, तर पाण्याला काकडीसारखा वास येतो.

दुसरा युग्लिफा. हा अमीबासारखा जीव ओलसर शेवाळात व मातीत राहतो. खवले एकमेकांना जोडून तो सुरईसारखे कवच बांधतो. या कवचाच्या तोंडातून तो आपले छद्मपाद बाहेर काढतो. पेशीचे विभाजन होण्यापूर्वीच तो नव्या पेशीसाठी खवले तयार करून ठेवतो. लेक जन्माला येण्याआधीच आई तिचे घर बांधून ठेवते, असा हा प्रकार आहे.

तिसरा अकँथोसिस्टिस. याचे शरीर गोल असते आणि त्यातून चारही बाजूंना किरणांसारखे बारीक तंतू निघतात. चौथा पॉम्फोलिक्सोफ्रिस. हाही तसाच गोल आणि तसाच किरणांचा. याच्या अंगावर सिलिकाचे पोकळ, गोल मणी असतात.

जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यांनी १८६६ मध्ये अशा किरणधारी जीवांच्या गटाला ‘हेलिओझोआ’, म्हणजे ‘सूर्यप्राणी’, असे नाव दिले. अकँथोसिस्टिस आणि पॉम्फोलिक्सोफ्रिस या दोघांनाही याच गटात बसवण्यात आले. दोघेही गोल, दोघांनाही किरण, दोघांच्याही अंगावर सिलिका. मग दोघे भाऊ नसतील तर काय? त्या काळी बाह्य रूपाखेरीज दुसरा पुरावा हाती नव्हता.

पुढे साधने सुधारली. १९३१ मध्ये जर्मनीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची सुरुवात झाली. या यंत्राखाली खवल्यांवरील जाळी, कडा आणि काटे स्पष्ट दिसू लागले. प्रत्येक जातीच्या खवल्यावरची नक्षी वेगळी असते, हे लक्षात आले. त्यामुळे एका खवल्यावरूनही अनेकदा जीवाची जात ओळखता येऊ लागली.

त्यानंतर जनुकांचा अभ्यास सुरू झाला. जनुके म्हणजे पूर्वजांकडून मिळालेला लेखच. कोणाचा लेख कोणाशी जुळतो हे पाहिले, की नाते कळते. हे लेख ताडून पाहिल्यावर जुनी वंशावळ मोडून पडली. सूर्यप्राणी हे एक घराणे नव्हतेच! निरनिराळ्या घराण्यांतले जीव तेथे केवळ सारख्या पोशाखामुळे एकत्र आले होते.

सिन्युरा हे डायटम आणि समुद्रातील तपकिरी शैवाल यांच्या मोठ्या गटातले ठरले. युग्लिफाचा गट त्याहून वेगळा निघाला. अकँथोसिस्टिसचे नाते हॅप्टोफाइट नावाच्या सागरी शैवालांशी जुळले. या शैवालांपैकी अनेकांच्या अंगावरही खवले असतात, पण ते सिलिकाचे नसून चुन्याचे असतात. इंग्लंडमधील डोव्हरचे पांढरे कडे मुख्यतः अशाच चुन्याच्या खवल्यांचे बनलेले आहेत. आणि पॉम्फोलिक्सोफ्रिस? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले, की तो कवकांचा जवळचा नातलग आहे. म्हणजे हुबेहूब दिसणाऱ्या अकँथोसिस्टिसपेक्षा त्याचे नाते भूछत्राशी अधिक जवळचे आहे!

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पोशाखाचे कापड सारखे असले, तरी घराणे वेगळे असू शकते. कापड वेगळे असले, तरी घराणे एक असू शकते. सारख्या गरजेपोटी निरनिराळे जीव स्वतंत्रपणे सारख्याच उपायापर्यंत पोहोचतात. अंगावर कठीण आवरण असावे, ही अशीच एक गरज. यालाच अभिसारी उत्क्रांती म्हणतात.

मग खवल्यांचा अभ्यास वाया गेला का? मुळीच नाही. जीव मरतो, पण सिलिकाचा खवला चिखलात टिकून राहतो. कॅनडाच्या उत्तर भागात एका प्राचीन सरोवराच्या गाळात सिन्युरा आणि मॅलोमोनास यांचे सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचे खवले सापडले आहेत. त्यांतील काही आजच्या खवल्यांसारखेच दिसतात. एखाद्या तळ्याचे पाणी पूर्वी किती आम्लयुक्त होते, हेही गाळातील खवले मोजून समजते. आम्लवर्षेमुळे तळ्यांवर काय परिणाम झाला, हे शोधण्यासाठी शास्त्रज्ञांनी या खवल्यांचा उपयोग केला आहे.

जुन्या शास्त्रज्ञांनी डोळ्यांना दिसले ते प्रामाणिकपणे नोंदवले. नव्या शास्त्रज्ञांनी अधिक पुरावा मिळताच ती नोंद बदलली. चांगला पुरावा समोर आला, की जुने मत सोडून द्यायचे, हीच विज्ञानाची रीत आहे. माणसांविषयी मत बनवतानाही ही रीत उपयोगी पडेल. कोणाचा नुसता पोशाख पाहून त्याच्याविषयी सारे काही कळले, असे समजू नये.

शब्दार्थ

खवल्या मांजर – अंगावर खवले असलेला, मुंग्या खाणारा सस्तन प्राणी
कशाभिका – पेशीचा चाबकासारखा बारीक अवयव
छद्मपाद – अमीबासारख्या जीवाचा तात्पुरता पाय
वंशावळ – पूर्वज व वंशज यांची मांडणी
कवक – बुरशी, भूछत्र इत्यादींचा गट
ताडून पाहणे – तुलना करून पाहणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) एकपेशीय जीव सिलिका कोठून मिळवतात?
(आ) हेलिओझोआ हे नाव कोणी व केव्हा दिले?
(इ) डोव्हरचे कडे कशाचे बनलेले आहेत?

२. कारणे द्या.
(अ) अकँथोसिस्टिस आणि पॉम्फोलिक्सोफ्रिस यांना पूर्वी एकाच गटात ठेवले होते.
(आ) जनुकांच्या अभ्यासानंतर जुने वर्गीकरण बदलावे लागले.

३. ‘पोशाखाचे कापड सारखे असले, तरी घराणे वेगळे असू शकते’ हे विधान पाठातील उदाहरणाने स्पष्ट करा.

४. पोशाख, हुबेहूब, कागद, फरक हे शब्द उर्दूतही थोड्याफार फरकाने आढळतात. असे आणखी पाच शब्द शोधा आणि त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.