पाठ : तेरणेकाठी गळ टाकून एक संध्याकाळ



इंग्रजी गोष्टींतून मुलांना ‘ट्राउट’ मासा भेटतो. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी पाण्यावर टाकून तो पकडतात. मग एखादं पोरगं विचारतं, “सर, हा मासा आपल्या तेरणेत का नाही?” हा प्रश्न सोडू नका. त्यातच विज्ञान आहे, भाषा आहे आणि धीर धरायचा धडाही आहे.

१) ट्राउट आपल्याकडे का नाही?
त्याला थंड, वाहतं, भरपूर प्राणवायूचं पाणी लागतं. १० अंश सेल्सिअसला एका लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. म्हणून इंग्रजांच्या काळात परदेशातून आणलेला हा मासा काश्मीर, निलगिरीच्या गार पाण्यात रुजला. धाराशिवच्या उन्हाळ्यात तो टिकायचा नाही. आता आपला मरळ मासा बघा. डबकं आटत आलं, की तो वर येऊन तोंडाने हवा घेतो. दुष्काळी मुलखात तगून राहायची त्याची ही रीत.

२) तयारी
पाऊस बरा झाला असेल तर दिवाळीनंतर जा. तेरच्या आसपास नदी तेव्हा संथ असते. तलावावर जाणार असाल तर मासेमारीचा ठेका सहसा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, त्यांना आधी विचारा. साहित्य साधं : बांबूची काठी, दोरा, ज्वारीच्या चिपाडातलं भेंड आणि दोऱ्याच्या गाठीवर घट्ट मळलेली कणीक. लोखंडी गळ लावूच नका. भेंड हललं, की पाठ झाला. पालकांची संमती घ्या, मोठी माणसं सोबत ठेवा, कुणालाही पाण्यात उतरू देऊ नका.

३) बसल्या बसल्या विचारायचे प्रश्न
• भेंड का तरंगतं? (आत हवा असते.)
• ४ फूट खोल तळ वरून ३ फुटांवरच का दिसतो? (प्रकाशाचं अपवर्तन.)
• काठावर पाय आपटला की मासे का पळतात? (अंगावरच्या पार्श्वरेषेला पाण्यातली थरथर कळते.)
• दिवस कलताना बारके मासे उसळ्या का मारतात? (तेव्हा पाण्यावर किडे उतरतात.)

उत्तर लगेच सांगू नका. पहिली दहा मिनिटं मुलं चुळबुळ करतील, करू द्या. नंतर आपोआप आवाज खाली येतो आणि नजर पाण्यावर ठरते.

४) भाषा
‘गळ घालणे’, ‘गळाला लागणे’, ‘पाण्यात राहून माशाशी वैर’ यांचे अर्थ तिथेच विचारा. समोर गळाची काठी असली की अर्थ पाठ करावा लागत नाही.

५) मुलांना आवर्जून सांगा
पावसाळ्यात मरळाची पिल्लं थव्याने फिरतात आणि आईबाप त्यांची राखण करतात. तेव्हा मोठा मासा काढला, तर अख्खा थवा उघड्यावर पडतो. आपल्याकडे नदीला पाणी थोडेच महिने असतं. तेवढ्यात माशांची पुढची पिढी वाढायची असते. हे ज्या मुलाला कळलं, ते पुढे नदीत कचरा टाकताना थबकेल.

गृहपाठ : घरातल्या आजोबा-आजींना विचारून, पूर्वी आपल्या नदीत कोणते मासे मिळायचे त्यांची नावं लिहा. त्यातले आज कोणते दिसतात, त्यांवर खूण करा.