नागपूर आणि शेजारचे जिल्हे : लोकवस्तीचा ओघ

लोकसंख्येची वाढ सर्व जिल्ह्यांत सारख्या गतीने होत नाही. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. नागपूर जिल्ह्यात ही वाढ १४.४ टक्के होती; परंतु शेजारच्या वर्धा जिल्ह्यात ती ५.२, भंडारा जिल्ह्यात ५.६५ आणि चंद्रपूर जिल्ह्यात ६.४ टक्के एवढीच राहिली. नागपूर जिल्ह्यातील ६८ टक्के लोक शहरांत राहतात आणि शहरांत जन्मप्रमाण सामान्यतः कमी असते. तरीही तेथील वाढ अधिक आहे, यावरून बाहेरून येणाऱ्यांचा वाटा लक्षात येतो.

या ओघाला इतिहास आहे. १८६१ मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी झाले, १८६७ मध्ये तेथे रेल्वे आली आणि १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली. कचेरी, रेल्वे आणि गिरणी यांनी खेड्यांतील माणूस शहरात आणला. ही गिरणी २००२ मध्ये बंद झाली. तथापि हिंगणा व बुटीबोरी येथील औद्योगिक वसाहती, महाविद्यालये, रुग्णालये आणि बांधकामे यांमुळे शहराची ओढ कायम आहे. कोकणात याची दुसरी बाजू दिसते. याच दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या ४.८ टक्क्यांनी घटली आणि २०११ मध्ये तेथे दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. कामासाठी मुंबईकडे गेलेल्या पुरुषांची अनुपस्थिती या आकड्यात उमटली आहे.

१९७१ पासून जनगणनेत पूर्वीचे वास्तव्याचे ठिकाण विचारले जाते, तर १९८१ पासून स्थलांतराचे कारणही नोंदविले जाते. स्त्रियांच्या बाबतीत विवाह हे प्रमुख कारण आढळते. म्हणून स्थलांतरितांचा एकूण आकडा म्हणजे रोजगारासाठी गाव सोडणाऱ्यांचा आकडा, असे समजणे योग्य होणार नाही.

हंगामी स्थलांतराचे स्वरूप वेगळे आहे. सुगीनंतर वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला गेलेले कुटुंब पावसाळ्याच्या तोंडावर परतते. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली, म्हणजे नेमकी अशी कुटुंबे गावाबाहेर असताना. गणनेच्या काळात माणूस जेथे असेल तेथे त्याची नोंद होते. परिणामी गावाचा आकडा कमी भरतो आणि भट्टीवरची झोपडी गणकाच्या नजरेतून सुटली, तर ते कुटुंब कोठेच मोजले जात नाही.

यासाठी ग्रामपंचायतीने कोणते कुटुंब, कोठे, किती महिन्यांसाठी गेले आणि सोबत किती मुले आहेत, याची नोंदवही ठेवणे उपयुक्त ठरेल. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा सोडणाऱ्या मुलास दाखला तत्काळ देणे बंधनकारक आहे. दाखल्यास विलंब झाला म्हणून नव्या शाळेस प्रवेश नाकारता येत नाही. पाठविणाऱ्या गावाने कळविले आणि स्वीकारणाऱ्या गावाने शोध घेतला, तरच त्या मुलाचे वर्ष वाचेल.