सहीआधी परमिट विचारा

बंगळूरला आमच्या ऑफिसात दर वर्षी कोणी ना कोणी डब्लिनच्या एमएससीची चौकशी करायला माझ्याकडे येतं. बेळगावचा असो की साताऱ्याची, प्रश्न ठरलेले : फी किती, भाडं किती, पार्ट-टाइम मिळतं का? ज्याच्या जोरावर कर्ज फेडायचं, त्या वर्क परमिटचा विषय मलाच काढावा लागतो.

मास्टर्सनंतर आयर्लंड ‘स्टॅम्प 1जी’ देतं, जास्तीत जास्त 24 महिने. तेवढ्या काळात परमिटशिवाय पूर्णवेळ नोकरी करता येते. पुढे वाटा फुटतात. क्रिटिकल स्किल्स परमिट असेल तर दोन वर्षांनी ‘स्टॅम्प 4’ मिळतो आणि परमिटचं लचांड सुटतं. नवरा-बायकोलाही लगेच नेता येतं. जनरल परमिटवर त्याच स्टॅम्पसाठी पाच वर्षं. शिवाय जनरलसाठी कंपनीला सहसा आधी 28 दिवस जाहिरात द्यावी लागते. क्रिटिकलला ती अट नाही.

डब्लिनच्या एमएससीनंतर मिळालेल्या माझ्या ऑफर लेटरवर ‘सॉफ्टवेअर इंजिनिअर’ होतं. “परमिटचं आम्ही बघतो,” असं एचआरने सांगितलं. अर्जाचा मसुदा हातात आला तेव्हा कामाच्या वर्णनात नुसतं ‘सपोर्ट’, आणि परमिट जनरल. वर्णन दुरुस्त करा म्हटलं, तर उत्तर आलं, “आत्ता हे घ्या, पुढे बघू.” 1जी संपत आला होता, घेतलं. मग कपात आली. कायद्याने नवी नोकरी शोधायला सहा महिने मिळतात, पण परमिटचा विषय निघाला की मुलाखत तिथेच आटपायची. स्टॅम्प 4 असलेल्या वर्गमित्राचीही त्याच कपातीत नोकरी गेली, पण तो लगेच दुसरीकडे लागला. मी बंगळूर गाठलं.

म्हणून सांगणं एवढंच. सहीआधी ईमेलवर लेखी विचारा : परमिट कोणतं, व्यवसायाचा कोड कोणता, बोनस सोडून पगार किती? तो कोड क्रिटिकलच्या यादीत आहे का, ते स्वतः पाहा. पगाराची किमान मर्यादा बदलत असते, म्हणून आकडा सरकारी संकेतस्थळावरूनच घ्या. कोणत्या कंपनीला किती परमिटं मिळाली, तेही तिथे दिसतं. कंपनीने भरलेली परमिटची फी तुमच्या पगारातून कापता येत नाही. सप्टेंबर 2024 पासून नऊ महिन्यांनी कंपनी बदलण्याची सोय झाली आहे, पण तिच्या भरवशावर चुकीचं परमिट पत्करू नका. शोध 1जीच्या पहिल्याच महिन्यात सुरू करा. हातात वेळ असेल तरच एचआरला ‘नाही’ म्हणता येतं.